मधलीचं तेल

"नवऱ्याच्या विहिरीचं तेल बायकोनं तपासू नये," लॅबमधल्या मोठ्या बाई मला म्हणाल्या होत्या. "आणि तपासलंच, तर निकाल चहाच्या आधी सांगू नये, जेवणाच्या आधी सांगू नये. खरं तर सांगूच नये. रिपोर्ट पाठवावा आणि चार दिवस माहेरी जाऊन राहावं."

मी हसले. बाळंतपणाच्या रजेवरून परतून मला जेमतेम आठवडा झाला होता. लेक घरी सासूबाईंपाशी, मी इथे तेलाच्या बाटल्यांपाशी आणि जीव दोघींच्या मध्ये कुठेतरी बस-स्टॉपवर, अशी अवस्था. बाईंचं बोलणं या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. म्हटलं, तेल ते तेल. त्यात नवऱ्याचं काय आणि परक्याचं काय.

माझा नवरा भूगर्भशास्त्रज्ञ आहे. घरात हरवलेला मोजा त्याला सापडत नाही, पण जमिनीखाली दोन किलोमीटरवर काय आहे ते तो छातीठोकपणे सांगतो. "खाली जाऊन बघणारं कोणी नाही ना, म्हणून," असं सासूबाईंचं मत. त्याला कुठेही काढायला जागा मिळाली की तो नकाशा काढतो. वर्तमानपत्राच्या कडेला, बिलाच्या पाठीवर, अंघोळीनंतर धुरकटलेल्या आरशावर. लेकीच्या पोटावर एकदा त्याने बोटाने सगळं तेलक्षेत्र काढून दाखवलं होतं. बेंबीपाशी सगळ्यात चांगलं तेल. ती खदखदून हसली होती आणि मग तिने त्याचा चष्मा ओढला होता.

तेल म्हटलं की लोकांना वाटतं, खाली मोठं तळं असणार, त्यात नळी सोडायची की झालं. तसं काही नसतं. असतो तो दगड. वाळूचे कण दाबून दाबून झालेला वालुकाश्म, आणि त्या कणांमधल्या फटींत, स्पंजात पाणी राहावं तसं, तेल. आमच्या इथला वाळूचा थर पालथ्या परातीसारखा आहे. मध्ये उंच, कडांना उतरता. त्याच्या माथ्यावर एक विहीर, उतारावर दुसरी, आणि आता पार कडेला खोदलेली नवी तिसरी. कागदोपत्री त्यांना आगगाडीसारखे लांबलचक नंबर आहेत, पण आम्ही सगळे त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणतो.

धाकटी माझ्या नवऱ्याची. म्हणजे जागा त्याने सुचवलेली. त्याचं म्हणणं, थोरलीपासून धाकटीपर्यंत वाळूचा थर सलग आहे, कुठेही तुटलेला नाही. त्याच्या साहेबांचं म्हणणं, मधली आणि धाकटीच्या मध्ये थर तुटलाय आणि तिथे चिकणमातीची भिंत उभी आहे. दोघंही खाली गेलेले नव्हते. मग हा तंटा सोडवायचा कोणी? तेलाने. आणि तेल बोलतं आमच्या लॅबमध्ये.

गंमत अशी की एकाच थरातलं तेलही सगळीकडे सारखं नसतं. शितावरून भाताची परीक्षा होते, पण थेंबावरून थराची होत नाही. माथ्यावर ते पातळ, कोऱ्या चहासारखं. खाली उतरत जावं तसं दाट आणि काळं. आणि तळाशी, जिथे तेलाखाली पाणी लागतं, तिथे सूक्ष्म जंतू युगानुयुगं हलका हलका भाग खात बसलेले असतात. आमच्या डब्यातली क्रीमची बिस्किटं आधी संपतात आणि साधी उरतात, तसंच. उरतं ते डांबराचं भावंड. तेव्हा धाकटीचं तेल थोरलीपेक्षा दाट असणार, हे कोणीही सांगेल. प्रश्न एवढाच, की हा फरक उताराने होतो की पायरीने. थोरली पातळ, मधली मध्यम, धाकटी दाट, असं हळूहळू होत गेलं तर थर एक. थोरली आणि मधली सारख्या आणि धाकटी एकदम परकी निघाली, तर मध्ये भिंत.

म्हणजे सगळा खेळ मधलीवर होता. मधल्या बहिणींचं बहुधा असंच असतं.

हे सगळं नवऱ्याने सासूबाईंना जेवताना समजावून सांगितलं. त्यांनी नातीला मांडीवर घेऊन शांतपणे ऐकून घेतलं आणि मुद्द्याचं विचारलं, "म्हणजे उतार निघाला तर काय?"

"तर मी बरोबर."

"ते कळलं. मग पुढे काय?"

"मग इथलं काम संपलं. थर एकच असेल तर आहेत त्या विहिरींतून तेल येतच राहील. धाकटीच्या पलीकडे खोदण्यात अर्थ नाही, तिथे नुसतं डांबर. रिग, म्हणजे खोदायची सगळी यंत्रणा, दुसऱ्या क्षेत्रावर जाईल."

"रिग जाईल. आणि तू?"

तो पाण्याचा पेला शोधू लागला. पेला त्याच्या समोरच होता.

"रिगबरोबर मी पण," तो म्हणाला. "साहेब म्हणालेत तसं. निदान वर्षभर. तिकडे कुटुंबाला नेता येत नाही."

"आणि पायरी निघाली तर?"

"तर माझा नकाशा चुकला. मग ती भिंत कुठून कुठे जाते ते शोधायला इथेच बसावं लागेल. वर्ष जाईल, कदाचित दीड."

"मग चूक की रे!" सासूबाई म्हणाल्या. "जन्मभर चुकत आलास, आणि नेमकं आताच बरोबर यायचं सुचलं होय तुला?"

आम्ही सगळे हसलो. लेकही हसली, कारण ती कोणी हसलं की हसते. पण भांडी विसळताना माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. वर्षभर. एका वर्षात ती उभी राहील, चालेल, पडेल, डोक्याला टेंगूळ येईल, आणि ते टेंगूळ मी एकटीने बघायचं.

मी काळजी करणारी आहे, हे इथेच सांगून टाकते. घरात सगळ्यांना ते माहीत आहे. लेक झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरते. जागी झाली की का जागी झाली म्हणून बघते. ऑफिसातून घरी फोन करते, आणि सासूबाई हॅलोच्या आधीच "श्वास घेतीये" म्हणतात.

त्या दिवसांत एक नवीनच काळजी लागली होती. मी रोज पहाटे आणि रात्री पंपाने दूध काढून मोठ्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवायची. सासूबाई सकाळी त्यातून तीन छोट्या बाटल्या भरून ठेवायच्या, मी ऑफिसला असतानाच्या तीन वेळांसाठी. सकाळची बाटली पिऊन लेक गाढ झोपायची. दुपारची प्यायची आणि रडायची. संध्याकाळची तर संपायच्या आधीच किंचाळायची.

"दात येत असतील," सासूबाई म्हणायच्या.

"दात फक्त दुपारनंतर येतात का, आई?"

"तुझ्या नवऱ्याचे आले होते. त्याला सगळं उशिराच सुचतं."

असो. मी तीन विहिरींचं तेल तपासायला घेतलं. थोरली आणि धाकटीचे नमुने ताजे आले होते. मधली दुरुस्तीसाठी बंद होती, त्यामुळे तिचं मागच्या वर्षी साठवून ठेवलेलं तेल वापरायचं ठरलं. कपाटात त्याची छोटी बाटली होती, चिठ्ठी लावलेली, झाकण घट्ट. आमचा एक साधा नियम आहे. तेलात मेण असतं, आणि थंडीत ते मेण गोठून खाली बसतं. म्हणून बाटली उघडण्याआधी ती गरम करायची, चांगली उलटीपालटी करायची, मगच आतलं तेल घ्यायचं. मी तिन्ही बाटल्या गरम केल्या, हलवल्या, लेकीला ढेकर काढताना धरते तशा धरल्या. दाटपणा मोजला. मग त्या मशीनवर चढवल्या, जे तेलातला एकेक घटक सुटा करून कागदावर शिखरांची रांग काढतं. प्रत्येक तेलाची रांग वेगळी, बोटांच्या ठशासारखी.

थोरली आणि मधली जुळ्या बहिणी निघाल्या. धाकटी दुसऱ्याच घरची.

पायरी. स्वच्छ, उंच, धडपडून पडावं अशी पायरी.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. मधलीचं तेल थोरलीपेक्षा किंचित पातळच आलं होतं. उतारावरची विहीर माथ्यापेक्षा पातळ कशी? मी मोठ्या बाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं आणि म्हणाल्या, "इतका फरक चालतो. मशीनला पण मूड असतो." त्या बावीस वर्षांच्या असल्यापासून तेल तपासताहेत, मी मान डोलावली.

आणि मग मी घरी गेले आणि बाईंचा सल्ला मोडून, चहाच्या आधी आणि जेवणाच्या आधी, सगळं सांगून टाकलं. पोटात राहीना.

त्याने लेकीचा चमचा धुवायला घेतला आणि धूतच राहिला. त्या चमच्यावर एवढं पाणी त्याच्या आयुष्यात कधी पडलं नसेल.

"नक्की?" त्याने विचारलं.

"तिन्ही पुन्हा केल्या मी. तेच आलं."

"मग भिंत आहे," तो म्हणाला. "साहेब बरोबर होते."

सासूबाई आतल्या खोलीत देवाला नाही पण फोनवर आपल्या बहिणीला सांगत होत्या, "अगं, राहतोय! इथेच राहतोय! नाही गं, नापास झालाय, म्हणून!"

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्या वाइटाच्या मागे दार लोटून एक सुख उभं होतं, आणि त्याची पावलं दाराखालून मला दिसत होती. तो राहणार. टेंगूळ आलं तर बर्फ आणायला दुसरं माणूस असणार.

पुढचे दिवस फार छान गेले, असं कोणी बाहेरून बघणाऱ्याने सांगितलं असतं. तो वेळेवर घरी यायचा. लेकीला खांद्यावर घेऊन गॅलरीत उभा राहायचा आणि तिला खालच्या गाड्यांचे रंग सांगायचा. साहेबांनी त्याला भिंत शोधायच्या कामावर लावलं होतं. तो जुने कागद चाळायचा, खडकाचे तुकडे बघायचा आणि त्याला काहीच सापडायचं नाही. "असायला तर हवी," तो म्हणायचा. "तेल सांगतंय म्हणजे असणारच. मलाच दिसत नाहीये."

एक दिवस अंघोळ करून मी आरशासमोर उभी राहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं की आरसा कोरा आहे. त्याने माझ्या आधीच अंघोळ केली होती. आरसा नुसता धुरकट, एक रेघ नाही. मग मी वर्तमानपत्र बघितलं. बिलं बघितली. त्याने नकाशे काढणं सोडलं होतं.

आरसा कोरा आहे ही तक्रार कुठे करतात?

मग तो सुट्टीचा दिवस आला. मी घरीच होते, पण सासूबाईंची सवय सुटत नाही, म्हणून त्या सकाळीच फ्रिजमधून दुधाची मोठी बाटली काढून ओट्यापाशी उभ्या राहिल्या. मी लेकीला कडेवर घेऊन बघत होते. एरवी या वेळी मी बसमध्ये असते, त्यामुळे हे मी कधी बघितलंच नव्हतं. बाटलीत वर साईचा जाड पिवळट पट्टा होता आणि खाली निळसर पातळ दूध. सासूबाईंनी बाटली अलगद कलती केली आणि पहिली छोटी बाटली भरली. सगळी साय तिच्यात.

"आई, थांबा!"

त्यांच्या हातून झाकण पडलं. "काय गं? झुरळ?"

"तुम्ही हलवलं नाही."

"काय?"

"दूध. हलवून ओतायचं असतं. वर साय धरते ना. तुम्ही वरचं वरचं पहिल्या बाटलीत घालताय, मग दुसरीत पातळ, आणि तिसरीत..."

"हलवायला ते काय खोकल्याचं औषध आहे?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी बाटलीकडे बघितलं, नातीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे ती दुपारी रडते ती..."

"भुकेने."

"आणि मी दात म्हणून तिच्या हिरड्या चोळतीये! बिचारी माझ्या बोटालाच चावायला बघायची. मला वाटलं, लाडाने." त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि दुसऱ्या क्षणी माझ्यावरच उखडल्या, "आणि तू! एवढं कॉलेज शिकलीस. रोज फोन करून श्वास मोजतेस. ही एक गोष्ट सांगता नाही आली? गरम करताना मी तिन्ही बाटल्या हलवतेच की रोज! चांगल्या फेस येईपर्यंत!"

"पण आई, छोटी बाटली हलवून काय उपयोग? मोठीतून भरतानाच..."

आणि मी तिथेच थांबले. लेक माझे केस ओढत होती, तेही मला जाणवेना.

छोटी बाटली मी गरम केली होती. हलवली होती. नियमाप्रमाणे सगळं केलं होतं. पण मधलीची ती छोटी बाटली भरली कशातून होती? आणि कोणी?

"काय झालं?" सासूबाई म्हणाल्या. "अगं, बोल की. असं डोळे वटारून उभी राहू नकोस, पोरगी घाबरेल."

"काही नाही," मी म्हटलं. "तुमची चूक तुम्ही एकट्याच करत नाही एवढंच."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये शिरल्या शिरल्या मी मोठ्या बाईंना विचारलं, "बाई, मधलीची छोटी बाटली कोणी भरली होती?"

त्या टेबल पुसत होत्या. पुसता पुसता त्यांचा हात मंदावला.

"मीच," त्या म्हणाल्या. "तू रजेवर होतीस तेव्हा. कपाटात जागा नव्हती, मोठा कॅन मागच्या थंड कोठीत टाकायचा होता, म्हणून छोट्या बाटल्या भरून घेतल्या."

"कॅन गरम करून?"

बाईंनी फडकं खाली ठेवलं.

"गरम करायची पेटी बंद पडली होती," त्या म्हणाल्या. "दुरुस्तीवाला येतो म्हणाला आणि आलाच नाही. मी म्हटलं, जुनं तेल, कोण विचारतंय. कॅन नुसता कलता केला." मग त्या मटकन स्टुलावर बसल्या. "सगळ्या जगाला उलटीपालटी कर, उलटीपालटी कर म्हणून सांगत फिरते मी, आणि बघ. स्वतःचं ठेवायचं झाकून."

कॅन कोठीत होता, थंड हवेच्या झोताखाली, कोणाच्या तरी जुन्या रेनकोटखाली दडलेला. मी तो थोडा हलवला. वरचं तेल डचमळलं, पण तळाशी काहीतरी जड, हट्टी, जागचं न हलणारं होतं. मेण आणि काळा दाट भाग, सगळा खाली बसलेला. बाईंनी वरची साय काढून दिली होती, फक्त इथे साय म्हणजे पातळ भाग होता.

पेटी आता दुरुस्त झाली होती. कॅन तिच्यात ठेवायचा आणि बटण दाबायचं, एवढंच काम.

मी बटण दाबलं नाही. कॅनपाशी उभी राहिले.

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या नवऱ्याचं आयुष्य रिगवरच गेलं. वर्षातून दोन वेळा घरी यायचा तेव्हा मुलं त्याला काका म्हणायची, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, रिपोर्ट गेलाय. सही माझी आहे. कॅन पुन्हा रेनकोटखाली ठेवलास तर मी बघितला नाही. चूक माझी होती आणि माझीच राहील."

इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ना, तसं. फक्त माझ्या बाबतीत विहीर खरीखुरी होती.

मला लेकीचं टेंगूळ दिसलं, जे अजून आलंच नव्हतं. रात्रीचा ताप दिसला, रिकामी गॅलरी दिसली. आणि मग मला तो दिसला. रोज सकाळी नीट कपडे करून, जी भिंत कुठेच नाही ती शोधायला निघालेला. वर्षभर, दीड वर्ष. आणि मी रोज त्याला डबा भरून देणार, दारात उभी राहून "सापडेल रे" म्हणणार, आणि मला माहीत असणार.

ते मला जमलं नसतं. मी काळजी करू शकते. रात्र रात्र करू शकते. पण डबा भरून देताना त्याच्याकडे न बघणं मला जमलं नसतं.

मी कॅन पेटीत ठेवला आणि बटण दाबलं. बाई उठल्या, माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, आणि कॅन तापल्यावर दुसऱ्या बाजूने धरून तो हलवायला त्यांनीच मदत केली. दोघी मिळून आम्ही तो असा हेलकावला की बघणाऱ्याला वाटावं, बारशाचा पाळणा हलवतोय.

मधली पुन्हा तपासली. दाटपणा मध्यम. शिखरांची रांग थोरलीपेक्षा थोडी झुकलेली, धाकटीपेक्षा थोडी उभारलेली. तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले तर एकीचा चेहरा दुसरीत आणि दुसरीचा तिसरीत उतरत गेलेला दिसत होता. उतार. सरळ, गुळगुळीत, लहान मुलांच्या घसरगुंडीसारखा उतार. थर एकच होता, आणि त्याच्या कडेचं तेल दाट होतं ते फक्त कडेचं होतं म्हणून.

नवऱ्याला फोन लावला. एकदा चुकले होते, म्हणून आधी विचारलं, "चहा झाला?"

"झाला."

"जेवलास?"

"आत्ता अकरा वाजलेत. काय झालं? पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे. तू बरोबर होतास. मधलीचा मोठा कॅन गरम करून, हलवून पुन्हा तपासला, उतारच निघाला."

मग त्याने एवढ्या जोरात ओरडून कोणाला तरी काहीतरी सांगितलं की मी फोन कानापासून लांब धरला. खुर्ची पडल्याचा आवाज आला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. तो पुन्हा फोनवर आला तेव्हा धापा टाकत होता. "भिंत नाही! मी म्हणत होतो ना, भिंत नाही! सलग आहे, अगं, सगळा सलग..."

आणि मध्येच थांबला.

"अगं," तो म्हणाला. "पण मग."

"हो," मी म्हटलं.

"तुला माहीत होतं? कॅन गरम करायच्या आधी?"

"अंदाज होता."

पडलेली खुर्ची त्याने उचलून सरळ केल्याचा आवाज फोनवर आला.

संध्याकाळी सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "काय दिवा लावलास! मी मेलीने दूध हलवलं नाही, आणि माझा मुलगा हलला!" त्या रात्री त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. सकाळी मात्र माझ्या डब्यात उकडलेलं अंडं जास्तीचं होतं, आणि बाथरूमच्या आरशावर, वरपासून खालपर्यंत, न पाहिलेल्या कुठल्यातरी नव्या क्षेत्राचा नकाशा होता. साबणाची वडी ठेवतात त्या कोपऱ्यात त्याने एक विहीरही खोदून टाकली होती.

साहेबांनी त्याला तिकडच्या कामाचा प्रमुख केलं. स्वतःची चूक मान्य करणारे साहेब विरळा. या साहेबांनी चूक मान्य केली आणि शिक्षा आम्हाला दिली. तो गेला तेव्हा लेक झोपलेली होती. त्याने तिच्या नाकाशी बोट धरून बघितलं. माझ्यापाशी राहून एवढं तरी शिकला.

आता दुपारची बाटली पिऊन लेक रडत नाही. उभी राहते, सोफ्याला धरून. टेंगूळ आलंच, अपेक्षेप्रमाणे, आणि बर्फ मीच आणला. त्याने व्हिडिओवर बघितलं आणि माझ्यापेक्षा जास्त घाबरला. आमचं ठीक आहे. सासूबाई तर म्हणतात, घरात मोजे हरवणं बंद झालंय.

पण त्याचं मला कळत नाही. फोनवर तो तेलाबद्दल भरभरून बोलतो. तिकडचा थर म्हणे फारच वाकडा आहे, एकाच विहिरीत वर एक तेल आणि खाली दुसरं. स्वतःबद्दल विचारलं की "मस्त" म्हणतो. परवा मस्त म्हणता म्हणता खोकला. काल दोनदा खोकला आणि दुसऱ्यांदा त्याने फोनवर हात ठेवला.

तेव्हा एक काम सांगते. तुमच्यापैकी कोणी रिगवर असेल, किंवा तुमचा भाऊ, दीर, मेहुणा असेल, आणि तिथे नुकताच इकडून बदलून आलेला एक उंच माणूस असेल, शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली आणि चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली, तर त्याच्या केबिनमध्ये एकदा सहज डोकवा. जेवलास का, असं विचारू नका. एकटा असला की तो उभ्याउभ्या दोन घास खातो आणि कागदांकडे वळतो. तुम्ही आपलं ताट घेऊन त्याच्या समोर बसा, म्हणजे लाजेकाजेस्तव तोही बसेल. त्याला बोलू द्या, नकाशा काढू द्या. आणि त्याचा खोकला कोरडा आहे की छातीतला, तेवढं नीट कान देऊन ऐका आणि मला कळवा.